आणि तुमच्या गोलकीपरचं काय?

ताई, सलाम.

मी एकोणीस वर्षांची आहे. क्लबकडून फुटबॉल खेळते, पुढच्या फळीत. ख्रिस्ती घरातच वाढले, पण विश्वास माझा स्वतःचा झाला तो दोन वर्षांपूर्वी. आमच्या सेमीफायनलला १-१ अशी बरोबरी होती आणि दहाएक मिनिटं उरली होती. बॉल माझ्याकडे आला आणि माझ्यासमोरची डिफेंडर वळताना एकदम खाली कोसळली. तिला कुणाचा धक्का लागला नव्हता, गुडघाच फिरला. ती ज्या आवाजात ओरडली तो अजून माझ्या कानात आहे. पुढे फक्त त्यांची गोलकीपर होती. शिट्टी वाजली नव्हती. मी बॉल बाहेर मारला आणि तिच्याकडे धावले.

त्यांनी थ्रो-इनवरून बॉल प्रामाणिकपणे आम्हाला परत दिला. पण चार मिनिटांनी त्यांना कॉर्नर मिळाला, आमची गोलकीपर झेलायला पुढे आली, बॉल तिच्या हातांवरून गेला आणि गोल झाला. आम्ही हरलो.

ड्रेसिंग रूममध्ये सर म्हणाले, "उद्यापासून प्रार्थना घरी ठेवून ये." एक मैत्रीण रडत म्हणाली, "त्यांच्या पोरीची कीव आली, आमची नाही का आली तुझ्या देवाला?" मी म्हणाले, "मला देवाला तोंड दाखवायचंय, तुम्हाला नाही." त्याला तीन आठवडे झाले. माझ्याशी कुणी धड बोलत नाही. गोलकीपर तर सरावालाच येत नाही.

मी चुकले का? ख्रिस्ती माणसानं जिंकायची एवढी भूक बाळगावी का? कधीकधी वाटतं, खेळच सोडून द्यावा. त्यात पुढच्या मोसमात सामने रविवारी सकाळी आहेत, त्यावरून घरी वाद सुरू आहेत ते वेगळेच.

एक फॉरवर्ड

*

प्रिय मुली,

सलाम. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तीन आठवडे तो तुला झोपू देत नसणार. तू चुकली नाहीस. समोर गोल उघडा दिसत असताना पाय आवरणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. तू तो आवरलास.

लूकच्या शुभवर्तमानातला शोमरोनी आठव. वाटेत अर्धमेला होऊन पडलेल्या माणसाला याजकानं पाहिलं, मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यानं पाहिलं, आणि दोघंही बाजूनं निघून गेले. शोमरोन्यानंही पाहिलं, पण त्याला कळवळा आला. मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे ते आतड्यांच्या शब्दावरून आलेलं आहे. मराठी माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. आतडं तुटलं, पोटात कालवलं, असं आपण रोज म्हणतो. तुझ्या पत्रात कुठेही असं नाही की, मी थांबून विचार केला, वचन आठवलं आणि मग ठरवलं. तू आवाज ऐकलास आणि पाय वळला, एवढंच आहे. तो कळवळा होता. त्याची लाज वाटून घेऊ नकोस, आणि कुणी वाटायला लावली तर मनावर घेऊ नकोस.

मी हे इतक्या ठामपणे का सांगते तेही ऐक. तुझ्या वयाची असताना मी हॉकी खेळायचे, फुल बॅक. एका सामन्यात समोरच्या संघाची सगळ्यात वेगवान मुलगी डाव्या घोट्याला पट्टी बांधून उतरली होती. आमचे सर एवढंच म्हणाले, "पट्टी दिसतेय ना?" त्याहून जास्त बोलायची गरज नव्हती. पंचांची नजर बॉलवर असते. बॉल पुढे गेला की मी स्टिकचं टोक त्या पट्टीवर टेकवायचे. जोरात नाही, दर वेळी थोडंसं. मध्यंतरानंतर ती मैदानात परत आलीच नाही आणि आम्ही जिंकलो. त्याच दिवशी सकाळी मी गुडघे टेकून प्रभूची प्रार्थना म्हटली होती, 'आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या ओळीसकट.

संध्याकाळी ती पायऱ्यांवर बसलेली दिसली. घोटा इतका सुजला होता की बूट निघत नव्हता. तिची मैत्रीण कात्रीनं लेस कापत होती, एकेक वेढा, वरून खाली. प्रत्येक वेढा सुटला की ती मुलगी डोळे घट्ट मिटून घ्यायची. मी गळ्यात मेडल घालून तिच्या बाजूनं निघून गेले. याजक आणि लेवी कसे निघून गेले असतील, हे मला त्या दिवसापासून फार नीट कळतं. पुढच्या मोसमात मी संघांच्या यादीत तिचं नाव शोधलं. नव्हतं. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

तुझ्या हाती एक हरलेली सेमीफायनल आहे, माझ्याकडे ते मेडल आहे. अदलाबदल करता आली असती तर मी आज केली असती.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधली महिलांची ५००० मीटरची प्राथमिक फेरी तू पाहिली नसशील तर शोधून पाहा. न्यूझीलंडची निकी हॅम्ब्लिन पडली आणि तिला अडखळून अमेरिकेची ॲबी डीॲगोस्टिनो पडली. ॲबी आधी उठली. बाकीच्या धावपटू लांब निघाल्या होत्या. ॲबी मात्र निकीजवळ गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ऊठ, आपल्याला शर्यत पुरी करायचीय. थोडं पुढे गेल्यावर ॲबीचाच गुडघा दगा द्यायला लागला, तेव्हा निकी तिच्यासाठी थांबली. ॲबी लंगडत लंगडत सगळ्यात शेवटी पोचली, तर निकी रेषेपलीकडे तिची वाट पाहत उभी. ॲबीच्या गुडघ्यातला लिगामेंट फाटला होता हे नंतर कळलं. पुढे दोघींना फेअर प्लेचा पुरस्कारही मिळाला. ॲबी ख्रिस्ती विश्वासणारी आहे. तिनं नंतर जे सांगितलं त्याचा आशय असा, की त्या क्षणी मी काही विचार करून वागले नाही, देवानं माझं मन आधीच तयार केलं होतं, एवढाच अर्थ मला लावता येतो.

यातला 'आधीच' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. मन तयार करायला शर्यतीत वेळ मिळत नसतो. पेनल्टी घेताना पाय कसा ठेवायचा हे कुणी त्या क्षणी शिकत नाही, ते शेकडो वेळा आधी मारलेलं असतं. गेल्या दोन वर्षांत तू जे वाचलंस, जे मागितलंस, ज्यासाठी एकटी बसून रडलीस, ते सगळं त्या एका किकमध्ये उतरलं.

आता पुढचं जरा जड जाईल. पण तू मनापासून विचारलंयस, तर मी हातचं राखून कशाला लिहू?

"मला देवाला तोंड दाखवायचंय, तुम्हाला नाही." हे वाक्य मी तीनदा वाचलं. शब्द खरे आहेत. पण ते तू ज्या खोलीत बोललीस तिथे वर्षभर घाम गाळलेल्या मुली रडत होत्या. ज्या मैत्रिणीनं तुला देवाबद्दल विचारलं ती टोमणा मारत होती असं तुला वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. ती रडत होती, आणि रडताना माणूस खरंच विचारतो. तुझ्या देवाला आमची कीव येते का? इतका थेट प्रश्न मंडळीत वर्षानुवर्षं येणारी माणसंही विचारत नाहीत. त्याचं उत्तर तिला तुझ्याकडूनच मिळायला हवं होतं, कारण त्या खोलीत देवाचं नाव तुझ्याशी जोडलेलं होतं. तू तिच्याशेजारी नुसती बसली असतीस आणि "येते गं" एवढं म्हणाली असतीस, तरी चाललं असतं.

समोरच्या संघातल्या मुलीसाठी तुझं आतडं तुटलं. अर्ध्या तासानं स्वतःच्या संघासाठी तुटलं नाही. मी तुला दोष देत नाही. त्या वेळी सगळ्यांनी मिळून तुला कोपऱ्यात गाठलं होतं, आणि कोपऱ्यात गाठलेला माणूस हाताला येईल ते उचलून मारतो. तुझ्या हाताला देवाचं नाव आलं. पण एक बरोबर कृती केल्यावर आपण तिचा ओटा करून त्यावर उभं राहतो आणि तिथून बाकीच्यांकडे पाहायला लागतो, हा विश्वासणाऱ्यांना हमखास लागणारा आजार आहे. मलाही लागलेला आहे.

शोमरोन्याची गोष्ट आपण नेहमी अर्धीच सांगतो. तो थांबला, जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, पट्ट्या बांधल्या, झालं. पण गोष्टीत दुसरा दिवसही आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन दिनार काढून उतारशाळेच्या मालकाला दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि सांगितलं, याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. पहिल्या दिवशी आतडं तुटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला हिशेब करावा लागला, परत यायचं वचन द्यावं लागलं. तुझी गोष्ट पहिल्या दिवशीच थांबलीय असं मला वाटतं.

त्या डिफेंडरचं पुढे काय झालं, याची एकही ओळ तुझ्या पत्रात नाही. कुणाचा धक्का नसताना वळताना गुडघा फिरला आणि ती तशी ओरडली, तर लिगामेंट फाटला असण्याची शक्यता मोठी. मग शस्त्रक्रिया, आणि मैदानात परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष. पहिले आठ दिवस सगळे भेटायला येतात, फुलं आणतात, फोटो काढतात. चौथ्या महिन्यात ती घरात एकटी पाय वर-खाली करत मोजत बसलेली असते आणि तिच्या जागी दुसरी मुलगी खेळत असते. तिच्या क्लबकडून निरोप पाठव, फोन नंबर मिळव, आत्ता एकदा बोल. आणि चौथ्या महिन्यात पुन्हा बोल. तारीख लिहून ठेव.

तुमच्या सरांबद्दल. ते तुला वाईट बोलले. पण त्यांच्या बोलण्यात एक मुद्दा आहे आणि तो रागानं झाकला गेलाय. फुटबॉलच्या नियमांप्रमाणे दुखापत किरकोळ असेल तर रेफरी बॉल बाहेर जाईपर्यंत खेळ चालू ठेवतात, गंभीर असेल तर थांबवतात. ठरवायचं काम रेफरींचं. दर वेळी कुणी पडलं की खेळाडूच थांबायला लागले, तर खोटं पडणाऱ्यांचं फावेल, हे सरांना माहीत आहे. तुलाही माहीत असायला हवं, कारण कळवळ्याला डोळे असावे लागतात. तुझ्या बाबतीत तू ती ओरडलेली ऐकलीस, गुडघा फिरलेला पाहिलास, रेफरी कदाचित लांब होते. म्हणून तू केलंस ते योग्यच. पण सरांकडे जा, शांतपणे, सरावानंतर, एकटी. सांग की, सर, मी संघाला हरवायला बॉल बाहेर मारला नाही. पुन्हा असं काही समोर पडलं तर मी पुन्हा थांबेन. पण खोट्या नाटकाला फसणार नाही, आणि बाकीची नव्वद मिनिटं तुम्हाला माझ्याकडून एक पाऊलही कमी मिळणार नाही. तुम्ही संघासाठी काय नियम ठरवाल ते आधी सांगा.

आणि प्रार्थनेबद्दलचं वाक्य गिळून टाकू नकोस. ते मला खटकलं, असंही सांग. सहन करणं आणि गप्प बसणं यात फरक असतो. बेसबॉलमधल्या जॅकी रॉबिन्सनची गोष्ट मला इथे नेहमी आठवते. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूंना दारं बंद होती. ब्रुकलिन डॉजर्स या संघाचे प्रमुख ब्रांच रिकी हे मेथडिस्ट पंथाचे ख्रिस्ती, आणि रॉबिन्सनही मेथडिस्ट. २८ ऑगस्ट १९४५ ला रिकींनी त्याला आपल्या कचेरीत बोलावलं आणि मैदानावर त्याला कायकाय ऐकून घ्यावं लागेल ते स्वतः त्याच्या अंगावर ओरडून दाखवलं, अगदी घाणेरड्या शिव्यांसकट. दुसरा गाल पुढे करायला जमेल का, हा प्रश्न होता. रॉबिन्सननं हो म्हटलं. १५ एप्रिल १९४७ ला तो मैदानात उतरला. त्या मोसमात त्यानं शिव्यांना शिवीनं उत्तर दिलं नाही, पण बेस चोरण्यात, म्हणजे चेंडू टाकला जात असताना धावून पुढचा टप्पा गाठण्यात, तो त्याच्या लीगमध्ये पहिला आला, २९ वेळा. गाल पुढे केला म्हणून पाय मागे घेतला नाही. आणि काही वर्षांनी, कबूल केलेली मुदत संपल्यावर, तो अन्यायाविरुद्ध उघड बोलायला लागला तो आयुष्यभर बोलत राहिला.

डेव्हिड शेपर्ड तर खेळायलाच नाही म्हणाला. इंग्लंडचा कसोटी क्रिकेटपटू, धर्मसेवेची दीक्षा घेतलेला, पुढे लिव्हरपूलचा बिशप झाला. १९६० साली दक्षिण आफ्रिकेचा फक्त गोऱ्यांचा संघ दौऱ्यावर आला, तेव्हा त्यांच्याविरुद्ध खेळणार नाही असं त्यानं जाहीर केलं. तेव्हा, मुली, ख्रिस्ती नम्रतेचा अर्थ मान खाली घालून कोपऱ्यात उभं राहणं असा कुणी तुला शिकवला असेल तर तो विसर.

जिंकायच्या भुकेचं थोडक्यात सांगते, कारण यात मला गुंता दिसत नाही. प्रेषित पौलानं करिंथ या ग्रीक शहरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलं की शर्यतीत सगळेच धावतात पण बक्षीस एकालाच मिळतं, तेव्हा ते मिळेल असे धावा. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, त्यामुळे वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते मैदान असणार. विजेत्याला पानांचा मुकुट मिळायचा, पाइनचा किंवा सुकलेल्या सेलरीचा. पौल त्याला नाशवंत मुकुट म्हणतो. पण म्हणून सावकाश धावा असं तो म्हणत नाही. उलट शरीराला ताब्यात ठेवा म्हणतो. पूर्ण ताकदीनं न खेळणं हा समोरच्या खेळाडूचा एका परीनं अपमान आहे. तू अंग चोरून खेळलीस तर ती स्वतःला कशावर घासून पाहणार?

दयेनं खेळ मिळमिळीत होतो असं कुणी म्हणालं तर त्याला बास्केटबॉल दाखव. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथनं तो शोधला. आडदांड मुलांना बंद जागेत एकमेकांची हाडं न मोडता कसं खेळवायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्यानं बॉल घेऊन पळायला बंदी घातली, म्हणजे अंगावर झेप घ्यायचं कारणच उरलं नाही. आणि टोपली डोक्याच्या वर टांगली, म्हणजे नुसत्या जोराचा उपयोग होईना, बॉल नेमका उडवावा लागे. कुणाला लागू नये ही काळजी त्यानं खेळाच्या सांगाड्यातच बसवली, आणि त्यातून जगातला एक अतिशय वेगवान खेळ निघाला. तेव्हा खेळ सोडू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको.

सामन्याआधी तू विजय मागतेस का, ते तू लिहिलेलं नाहीस. मी मागायचे. समोरच्या संघातही कुणीतरी मागतच असतं. हल्ली मी मुलींना एक सवय सांगते. समोरच्या संघाच्या यादीतलं एक नाव निवडायचं, शक्यतो जिला तुम्ही अडवणार आहात तिचं, आणि ती आज दोन्ही पायांवर घरी जावो, एवढं मागायचं. मग मैदानात उतरून तिला बॉलला हात, म्हणजे पाय, लावू द्यायचा नाही. जिचं नाव सकाळी देवापुढे घेतलंय तिच्या पट्टीवर स्टिक टेकवता येत नाही. माझ्यावेळी मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता रविवार. इथे सगळे स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचं नाव काढतात, मीही काढणार आहे, पण जरा वेगळ्या कारणासाठी. पूर्वार्ध तुला माहीत असेल. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या फेऱ्या रविवारी होत्या म्हणून त्यानं ती शर्यत सोडली. वेळापत्रक काही महिने आधी कळलेलं होतं, निर्णयही तेव्हाच झाला होता, आणि मिळालेला वेळ त्यानं ४०० मीटरच्या तयारीत घालवला. तिथेही तो 'आधीच' आहे बघ. ४०० मीटर त्यानं ४७.६ सेकंदांत जिंकली, २०० मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं. दुसऱ्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला.

उत्तरार्ध कमी सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला चीनमधल्याच वेइशिएनच्या छावणीत डांबलं. तिथे आईबापांपासून तुटलेली कितीतरी मुलं होती. लिडेल त्यांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, फक्त रविवारी नाही. मग एका रविवारी मुलांनी आपली आपणच हॉकी खेळायला घेतली. पंच नव्हता, मारामाऱ्या झाल्या. त्यानंतर तो रविवारीही मैदानात उभा राहायला लागला, शिट्टी घेऊन. ऑलिंपिकच्या सुवर्णपदकासाठी ज्यानं रविवार मोडला नाही, त्यानं भांडणाऱ्या पोरांसाठी मोडला. २१ फेब्रुवारी १९४५ ला त्याच छावणीत मेंदूतल्या गाठीनं तो गेला. ४३ वर्षांचा होता.

लिडेल तत्त्वापासून ढळला असं मला वाटत नाही. स्वतःच्या लाभाचा प्रश्न होता तेव्हा त्यानं रेघ घट्ट धरली, आणि दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा तीच रेघ स्वतः उचलून बाजूला ठेवली. आपण बहुतेक वेळा नेमकं उलटं करतो. म्हणून तुझ्या रविवारचा निकाल मी देणार नाही. घरच्यांशी आणि पाळकांशी बसून बोल, उपासनेची दुसरी वेळ आहे का पाहा, आणि जे ठरवाल ते मोसम सुरू व्हायच्या आत सरांना सांग. आदल्या रात्री नको. ज्या मुली रविवारी खेळतील त्यांच्याकडे मात्र त्या ओट्यावरून पाहू नकोस.

लिडेल त्या पोरांसाठी मैदानात परत आला, यावरून मला तुमची गोलकीपर आठवली. खरं तर तुझं पत्र वाचल्यापासून तीच डोळ्यांपुढे आहे. तिच्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, तेही शेवटी, की ती सरावाला येत नाही. फॉरवर्डनं पाच संधी घालवल्या आणि सहाव्यावर गोल केला की ती हिरो असते. गोलकीपरनं पाच वाचवले आणि सहावा सुटला की लोकांच्या लक्षात सहावाच राहतो. त्या पराभवात तुझ्याकडे धरून ठेवायला निदान काहीतरी आहे. लोक तुला नावं ठेवोत की वाखाणोत, तू का थांबलीस ते तुला माहीत आहे. तिच्याकडे फक्त हातांवरून गेलेला बॉल आहे. आणि तीन आठवडे सगळे तुझ्याबद्दल बोलतायत, म्हणून तिला कुणी "जाऊ दे गं" असंही म्हटलेलं नसणार.

तेव्हा आधी तिच्याकडे जा. सरांच्या आधी, त्या रडणाऱ्या मैत्रिणीच्याही आधी. वचनं सांगू नकोस. तू बॉल बाहेर मारलास ते बरोबर होतं की चूक, यावर तिच्याशी एक अक्षर बोलू नकोस, तिनं काढलं तरच बोल. सरावाच्या अर्धा तास आधी चल म्हणावं, मला कॉर्नर मारायचेत आणि गोलमध्ये कुणीतरी हवंय. नाही म्हणाली तर दुसऱ्या दिवशी परत विचार. आली की बॉलची जाळी उचलून त्याच बाजूच्या कोपऱ्यात जा, जिथून तो कॉर्नर आला होता. पहिले चार-पाच हळू, उंच, तिच्या हातात जातील असे. मग हळूहळू वेग वाढव, गोलच्या जवळ वळव, तिला पुढे यावं लागेल असे मार. ती काही बोलेल किंवा नाही बोलणार. तू मारत राहा. आणि एखादा तिच्या हातांवरून मागे गेला, तर तिला वळू देऊ नकोस, बॉल आणायला तू जा.

तुझी,
ताई